खरबुजाचा कोट

उन्हाळा निम्मा सरला तेव्हा मास्तरांच्या परसात टोमॅटो लाल व्हायला लागले होते, वांग्यांनी फूल धरलं होतं आणि काकडीचा वेल कुंपण ओलांडून शेजाऱ्यांकडे जाऊन आला होता. लिंबाने यंदाही काही मनावर घेतलं नव्हतं. आणि खरबुजाच्या एकुलत्या एका वेलावर एकुलतं एक फळ उरलं होतं.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. चाळीस वर्षं त्यांनी दुकान चालवलं. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि सुईत ओवायचा दोरा सुईच्या शेजारून जाऊ लागला, तेव्हा दुकान मुलाकडे सोपवून ते परसात उतरले. गिऱ्हाइकांशी हुज्जत घालण्याची सवय अंगात मुरलेली होती, ती आता झाडांच्या वाट्याला आली.

मास्तरांचा लौकिक एकाच गोष्टीसाठी होता. त्यांचं शिवण अंगाबरोबर असे. त्यांचा कोट माणसाने घातलाय की त्याच्या अंगावर रंगवलाय, हे लांबून कळत नसे. तो घालून माणूस जेवला की मात्र जवळून कळे. शिवणीच्या आत कापडाची जास्तीची पट्टी सोडतात, जिला शिंपी लोक माया म्हणतात, ती मास्तर करंगळीच्या नखाएवढी सोडत आणि तीही जिवावर येऊन. आया मुलांना दुकानात घेऊन येत आणि म्हणत, "मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा." त्यावर मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं. "बाई, मुलगा आज जेवढा आहे तेवढंच मी शिवणार. उद्याचं माप उद्या." इलास्टिकला तर त्यांनी दुकानाची पायरी चढू दिली नव्हती. इलास्टिक म्हणजे शिंप्याने हात टेकले असं ते म्हणत. हल्ली मुलगा दुकानात सर्रास इलास्टिक वापरतो, म्हणून मास्तर तिकडे फिरकत नसत.

परसात उतरल्यावर या लौकिकाचा उपयोग होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण झाला. टोमॅटो लाल झाले रे झाले की पक्षी चोच मारून जात. तेव्हा मास्तरांनी चिंध्यांच्या गाठोड्यातून तुकडे काढले, एकेका टोमॅटोचं माप घेतलं आणि प्रत्येकाला अंगाबरोबर पिशवी शिवली, वर एक टिचबटण. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं पाठ होतं. पक्षी हात हलवत परत गेले. टोमॅटो पुरते वाढलेले असल्यामुळे कुणाची काही तक्रार आली नाही आणि मास्तरांना वाटलं, बागकाम म्हणजे शेवटी शिवणकामच.

खरबुजाची गोष्ट मात्र निराळी होती. ते व्याह्यांचं होतं.

व्याही म्हणजे मुलीचे सासरे. त्यांची बेकरी होती. अंगाने आणि मनाने दोन्हीकडून ऐसपैस माणूस. त्यांची बायको, म्हणजे मास्तरांची विहीण, दोन वर्षांपूर्वी वारली. ती दर उन्हाळ्यात खरबूज लावायची, सगळ्यांत चांगलं फळ वेलावरच पूर्ण पिकू द्यायची आणि त्याच्या बिया पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवायची. असं तिने तीस वर्षं केलं. तिच्यामागे तो डबा व्याह्यांनी बेकरीत, स्वतःच्या नजरेसमोर फळीवर ठेवला, आणि तिथेच घात झाला. यंदा थंडीत एका कारागिराने डबा उघडला, बिया बघितल्या आणि त्या गोड पावांवर भुरभुरवून भट्टीत घातल्या. गिऱ्हाइकांनी त्या दिवशी पावाची तारीफ केली. व्याही दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मग त्यांना आठवलं, की गेल्या वर्षी आपण मास्तरांना हौस म्हणून सहा बिया दिल्या होत्या. त्या सहाच आता जगात उरल्या होत्या. मास्तरांनी त्या लावल्या. चार उगवल्या. दोन रोपं गोगलगायींनी खाल्ली आणि एक खुद्द मास्तरांनीच गवत समजून उपटलं, कारण मोतीबिंदू. उरलेल्या वेलाला तीन फळं धरली. पहिलं उंदराने पोखरलं, दुसरं पक्ष्यांनी फोडलं. तिसरं राहिलं, आणि ते जाईल या धास्तीने मास्तरांची झोप उडाली.

त्यात डोळ्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली. दोन्ही डोळे पाठोपाठ करायचे. त्यानंतर महिनाभर वाकायचं नाही, उन्हात आणि धुळीत जायचं नाही, मातीला हात लावायचा नाही.

"म्हणजे परसात जायचं नाही," बायकोने मराठीचं मराठीत करून सांगितलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मास्तरांनी फळाला कवच शिवायला घेतलं. साधं कापड उंदराला काय अडवणार? म्हणून त्यांनी कपाट उघडून तळातून एक घडी काढली. मुलीच्या लग्नात व्याह्यांसाठी त्यांनी स्वतः कोट शिवला होता, त्यातलं हे उरलेलं कापड. निळसर करडं, जाड, उत्तम प्रतीचं. चार वर्षं ते त्यांनी कशालाही वापरलं नव्हतं. व्याह्यांच्या फळाला व्याह्यांचंच कापड, हे त्यांना मनापासून आवडलं. आतून कोटाला लावतात तो कडक कॅनव्हास लावला. फळाचा घेर तेरा इंच भरला. पाकळीसारख्या निमुळत्या पट्ट्या, म्हणजे शिंप्यांच्या भाषेत कळ्या, चार कापल्या, दुहेरी शिलाई मारली, देठापाशी कॉलर काढली. शेवटची शिवण फळाच्या अंगावरच हाताने घातली, म्हणजे उघडायला जागाच नको.

बायको टोपली घेऊन शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अहो, जरा वाढत्या अंगाचं शिवलं असतंत तर?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर घरातूनच हा वार होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"ढगळ शिवलं की उंदीर आत शिरतो," ते म्हणाले. हे तसं खरंही होतं, त्यामुळे बोलणं तिथेच संपलं.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. मास्तर काळा चष्मा लावून रस्त्याकडच्या खोलीत बसले. परस घराच्या मागे, त्यामुळे तिकडचं जग त्यांना बायकोच्या तोंडूनच कळायचं. ती सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची आणि येऊन सांगायची. टोमॅटो टोपलीभर निघाले. काकड्या शेजारीण तिच्या बाजूच्या तोडते, तोडू दे. वांगी धरली. या सगळ्यावर मास्तर नुसती मान हलवत. त्यांना एकच ऐकायचं असे.

दर रविवारी सकाळी बेकरीतली गर्दी ओसरली की व्याह्यांचा फोन यायचा. पहिल्या रविवारी मास्तरांनी आधीच बायकोला टेप देऊन पाठवलं. ती परत आली.

"तेरा," ती म्हणाली. "पण वरच्या बाजूला ना..."

"वर्णन नको. आकडा सांग. तेरा? मग आठवड्यात काय झोप काढली त्याने? टेप सरळ धरली होतीस ना?"

"चाळीस वर्षं शिंप्याच्या घरात आहे मी. टेप धरता येते मला."

तेवढ्यात फोन वाजला. व्याह्यांनी विचारलं, "काय म्हणतंय आमचं खरबूज?" त्या आवाजात इतकी आशा होती, की तेरा म्हणायला मास्तरांची जीभ उचलेना. ते म्हणाले, "झकास. पंधरा झालंय."

फळ वाढत नाही म्हणजे वेल उपाशी आहे, असा मास्तरांनी निष्कर्ष काढला. खतवाल्याला फोन करून पेंड मागवली आणि तिचं आंबवलेलं पाणी एक दिवसाआड घालायला सांगितलं. बायकोने नाकाला पदर लावून ते घातलं. दुसऱ्या रविवारी माप आलं तेरा. ती पुन्हा म्हणाली, "पण मला काय वाटतं, ते कापड..." मास्तर म्हणाले, "तुला काय वाटतं ते नंतर. पेंड दुप्पट कर." मग ती सांगायची थांबली. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे घसा कोरडा करण्यापेक्षा तिलाही इतर कामं होती. फोनवर मास्तरांनी अठरा सांगितलं.

तिसऱ्या रविवारी तेरा, पेंड तिप्पट, आणि फोनवर बावीस. आता मागे फिरणं शक्यच नव्हतं. फळ कधी आखडत नाही, एवढं बेकरीवाल्यालाही कळतं.

बावीस ऐकून व्याह्यांनी आकडा पुन्हा एकदा विचारला. मग म्हणाले, "आमच्या हिचं कधी विसाच्या वर गेलं नाही हो. ती असती तर तिने स्वतः येऊन बघितलं असतं." आणि मग ते म्हणाले, की ती नाही तर मी येतो. पुढच्या रविवारी येतो.

मास्तरांना तो आठवडा फार जड गेला. खोटं बोललो याची लाज होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. फळ वाढत नाही म्हणजे ते आतून मेलंय, त्यात बी धरणार नाही, आणि गेलेल्या बाईची तीस वर्षांची मेहनत आपल्या परसात संपणार. हे व्याह्यांना तोंडाने कसं सांगायचं, याचा सराव ते काळ्या चष्म्याआड करत बसले. एकही वाक्य धड जमेना.

शनिवारी डॉक्टरांनी चष्मा काढला. रविवारी उजाडल्याबरोबर मास्तर परसात गेले. जग इतकं लख्ख असतं हे ते विसरूनच गेले होते. टोमॅटोचा लाल रंग त्यांना आधी खराच वाटेना. टोमॅटोच्या पिशव्यांवरचे स्वतःचे टाके त्यांनी निरखून पाहिले. आंधळेपणी घातलेले, पण एकसारखे. त्यांना बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्यातच ते खरबुजाच्या वेलापाशी पोचले आणि त्यांनी पानं बाजूला केली.

कवच जिथल्या तिथे होतं. एक टाका निसटला नव्हता. ते नगाऱ्यासारखं ताठ झालं होतं आणि त्याचा घेर होता तेरा. पण तीन आठवडे पेंड खाल्लेलं फळ काही गप्प बसलं नव्हतं. सगळीकडून वाट बंद झाल्यावर ते कॉलर ताणून तिथून बाहेर आलं होतं, आणि बाहेर आल्यावर त्याने हातपाय पसरले होते. खाली करकचून कोट, मधे आवळलेली मान, वर भलंथोरलं गुबगुबीत डोकं, आणि डोक्याच्या कडेला पगडी कलावी तसा कललेला देठ.

मास्तर मागे वळले. बायको पाण्याची झारी घेऊन मागे उभी होती.

"हे मला सांगितलं नाहीस?"

"दोनदा सांगायला आले. तुम्ही म्हणालात वर्णन नको." तिने झारी खाली ठेवली. "आता टाके काढायला उसवणी आणू?"

मास्तरांच्या शिवणीला त्या घरात आजवर उसवणी लागली नव्हती. पण खरी अडचण ती नव्हती. फळाला कापडाचाच आधार राहिला होता. तो सुटला आणि फळ तडकलं, आणि आत अजून कच्चं असलं, तर ते दोन दिवसांत सडेल आणि बिया जातील. कापावं तरी पंचाईत, न कापावं तरी पंचाईत. ते उसवणी हातात घेऊन विचार करत असतानाच दाराची घंटा वाजली.

व्याही आले होते. एका हातात ताजा पाव, दुसऱ्या हातात एक लांबलचक कापडी पिशवी. ती पिशवी बघून मास्तरांनी घाईने चहा टाकायला सांगितलं. बावीस इंची फळ न्यायला माणूस घरून पिशवी घेऊन आला होता.

चहा झाला. मास्तरांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची हकिगत बारीकसारीक तपशिलांसह सांगितली. मग परस दाखवायला काढला, तोही दुसऱ्या टोकाकडून. त्यांनी टोमॅटोची एकेक पिशवी उघडून आतला टोमॅटो दाखवला. वांगी दाखवली. काकडीचा वेल कुठून कुठे गेला ते दाखवलं. शेवटी लिंबाचं झाडही दाखवलं, ज्याच्यावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. आश्चर्य म्हणजे व्याह्यांनाही घाई दिसत नव्हती. ते प्रत्येक टोमॅटोला छान म्हणत होते, मधेच काहीतरी बोलायला तोंड उघडत होते आणि पुन्हा पुढच्या टोमॅटोकडे वळत होते. ती लांब पिशवी त्यांनी खाली ठेवली नव्हती.

पण परस तो केवढा? खरबूज आलंच.

व्याही बघत उभे राहिले. मग कष्टाने उकिडवे बसले आणि त्यांनी दोन बोटांनी कापड चाचपलं.

"हे कापड माझ्या ओळखीचं आहे," ते म्हणाले.

मग मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं, सराव केलेलं एकही वाक्य न वापरता. "घेर तेरा आहे. पहिल्यापासून तेराच. पंधरा, अठरा, बावीस हे मी ठोकून दिलं. मी फळाला अंगाबरोबर शिवलं, व्याहीबुवा. फळ वाढतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आत बी असेल की नाही, मला माहीत नाही."

व्याह्यांनी कापडावरचा हात काढला. हळूच उठले, पिशवी घेतली आणि घरात निघून गेले. मास्तर आणि बायको एकमेकांकडे पाहत राहिले. रागावून निघाला म्हणावं तर माणूस पुढच्या दाराकडे गेला नव्हता. आतल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला, मग धडपडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही.

व्याही परत आले तेव्हा त्यांच्या अंगात कोट होता. निळसर करडा, जाड, उत्तम प्रतीचा. एकच बटण लागलं होतं आणि ते जीव मुठीत धरून होतं. हात अंगापासून वीतभर लांब राहिले होते आणि कॉलरच्या वर चेहरा लालबुंद होऊन आला होता. ते खरबुजाशेजारी जाऊन उभे राहिले. खरबूज आणि व्याही यांत डावंउजवं करायला जागा नव्हती.

पहिली हसली ती मास्तरांची बायको. तिने पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही.

"लग्नाच्या दिवशी घातला, तो तेवढाच," व्याही तुटक तुटक बोलत होते, कारण श्वासाला जागा नव्हती. "जेवायच्या आधी काढला. पुन्हा चढला नाही. पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. तिघा शिंप्यांकडे नेला. तिघंही म्हणाले, आत सोडायला कापडच नाही ठेवलेलं, ज्याने शिवलाय त्याच्याकडेच न्या. तुम्ही इतक्या प्रेमाने शिवलात, चार वर्षं तोंड नव्हतं सांगायला. आजही फळाचं निमित्त करून आलो."

"पण मी माप बरोबर घेतलं होतं," मास्तर म्हणाले.

"तुम्ही बरोबरच घेतलंत हो. मीच श्वास रोखून उभा होतो."

मास्तरांनी आधी व्याह्यांचं बटण काढलं. मग ते वेलापाशी बसले आणि त्यांनी उसवणी लावली. नवे डोळे असल्यामुळे प्रत्येक टाका दिसत होता, आणि स्वतःची शिवण किती घट्ट असते हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. एक कळी सुटली, दुसरी सुटली. फळ तडकलं नाही. चौथी कळी निघाली तेव्हा मास्तरांचा हात देठाला नुसता लागला आणि फळ आपणहून वेलावरून सुटून त्यांच्या ओंजळीत आलं. परसभर वास सुटला.

"पिकलंय," व्याही म्हणाले. "पिकल्यावर असंच सुटतं. ही म्हणायची, ओढायचं नाही, त्याचं तेच येतं."

फळ स्वयंपाकघरात ओट्यावर कापलं. मधोमध, जिथे कॉलर होती, तिथे गर कसाबसा बोटभर होता. पण वर आणि खाली दोन्हीकडे बिया होत्या, टपोऱ्या, गच्च भरलेल्या. व्याह्यांनी त्या स्वतः चाळणीत धुतल्या आणि कागदावर एकेक सुटी करून पसरल्या. निम्म्या त्यांच्या, निम्म्या मास्तरांच्या, असं तिथेच ठरलं, म्हणजे एका घरी काही झालं तर दुसऱ्या घरी राहतील. मग त्यांनी एक फोड तोंडात घातली आणि सावकाश चावली. शेवटी म्हणाले, "तीच चव आहे. मला वाटलं होतं, गेली ती." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मास्तरांचेही. डॉक्टरांनी डोळे चोळायचे नाहीत असं बजावलं होतं, म्हणून मास्तर तसेच बसून राहिले.

आता प्रश्न कोटाचा होता. आत माया नाही आणि त्या कापडाचा तागा कधीच संपलेला. व्याही म्हणाले, जाऊ द्या, नुसत्या शर्टावर जाईन. मास्तर परसात गेले, जमिनीवर पडलेल्या चार कळ्या उचलल्या, कॅनव्हास सोडवून नळाखाली धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. उन्हाने त्या किंचित विटल्या होत्या. कोटाच्या बाजू उसवून त्या मधे जोडायच्या होत्या, दोन या कुशीला, दोन त्या कुशीला, एकीखाली एक. हात खाली असले की दिसणार नाहीत, आणि आता हात खाली येणार होते.

कळ्या वाळेपर्यंत व्याह्यांनी पावासोबत खरबुजाच्या आणखी चार फोडी संपवल्या. मग मास्तरांनी टेप काढली आणि त्यांच्या पोटाभोवती लावली.

"श्वास सोडा," मास्तर म्हणाले.

"सोडलाय."

"सगळा."

व्याह्यांनी सगळा सोडला. टेप मास्तरांच्या बोटांतून सरकत गेली. मास्तरांनी वहीत आकडा लिहिला. व्याही जरा घुटमळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. वाढत्या अंगाचं शिवा."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. मास्तरांनी पेन्सिल कानावर ठेवली, पुन्हा काढली आणि आकड्यापुढे 'अधिक दोन' असं लिहिलं. मग ताटलीत उरलेली शेवटची फोड त्यांनी व्याह्यांपुढे सरकवली.